आधी नोंदवही, मग आय-ग्लास: स्वस्तातलं मेकॅनिकल घड्याळ घरी वेळेवर आणताना

दिवसाचे सेकंद ८६,४००. जपानच्या सिको कंपनीच्या ७एस२६ किंवा एनएच३५ मशीनचं घड्याळ तासाला २१,६०० ठोके टाकतं, म्हणजे दिवसाला ५,१८,४००. ते रोज वीस सेकंद पुढे गेलं तर त्याची चूक झाली ४,३२० सेकंदांमागे एका सेकंदाची. बॅटरी नाही, क्वार्ट्झचा क्रिस्टल नाही. गुंडाळलेली कमान आणि थोडी चाकं, तीही काही हजार रुपयांत. एवढ्याशा साधनांत इतकी अचूकता मिळते याचं मला खरोखर अप्रूप आहे. आणि त्या वीस सेकंदांचे पाच-सात करणं घरी, जेवणाच्या टेबलावर, मोजक्या हत्यारांनी जमतं.

मी नेरूळला राहतो, नोकरी ठाण्यात. हा छंद लागल्यापासून ओळखीतले बरेच जण आपलं घड्याळ घेऊन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘ती छोटी दांडी (आतली, घड्याळाचा वेग कमी-जास्त करणारी) कुठल्या बाजूला सरकवायची?’ दांडी सरकवायला अर्धा मिनिट लागतो. ती किती सरकवायची, आणि मुळात सरकवायची का, हे ठरवायला दोन आठवडे लागतात. खरं काम त्या दोन आठवड्यांचं आहे, म्हणून या लेखात उघडण्याआधीच्या गोष्टींवर जास्त शाई खर्च केली आहे.

कुठल्या घड्याळावर हात बसवावा

कंपनीने स्वतः काय कबूल केलंय ते आधी माहीत हवं. ७एस२६, एनएच३५ आणि जपानच्याच मियोटाचं ८२१५ या तिन्हींसाठी दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मुभा कंपनीच देते. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे खास अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र मिळवायला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या हद्दीत राहावं लागतं. तेव्हा तुमचं नवं सिको रोज पंचवीस सेकंद पुढे जात असेल तर ते बिघडलेलं नाही, कारखान्यातून असंच निघालंय. या मशीनची क्षमता मात्र त्याहून बरीच चांगली असते. कारखान्यात प्रत्येक घड्याळामागे बसायला कोणाला वेळ नसतो, आपल्याला असतो.

शिकायला एनएच३५ सर्वांत सोयीचं. चावी, म्हणजे बाजूचा क्राउन, ओढली की सेकंदकाटा थांबतो, हाताने चावी देता येते आणि सुटं मशीनही ऑनलाइन मिळतं. ७एस२६ दणकट आहे, पण त्याला ना हाताने चावी देता येत, ना सेकंदकाटा थांबत.

आणि मग एचएमटी. बंगळुरूत १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने हा कारखाना सुरू झाला, २०१६ साली केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. तरी आपल्याकडे ठाणे-डोंबिवलीच्या घरांत कपाटाच्या खणात एखादं ‘जनता’ हमखास सापडतं: १७ ज्वेल (आस ज्यांत फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोके, डायलवर धक्क्यापासून बचावाची सोय सांगणारं ‘पॅरा शॉक’. वडिलांचं किंवा आजोबांचं असं घड्याळ असेल तर त्यावर शिकू नका. आधी दुसऱ्या एखाद्या मशीनवर हात बसू द्या. शिवाय वर्षानुवर्षं खणात पडलेल्या घड्याळाचं तेल सुकलेलं असतं. त्याला आधी सर्व्हिसिंग हवं, रेग्युलेशन, म्हणजे दांडीने वेग जुळवणं, त्यानंतर.

चोरबाजारातून किंवा ऑनलाइन ‘नवंकोरं’ एचएमटी घेताना एक लक्षात ठेवा. चकचकीत निळा, लाल, हिरवा डायल दिसला की तो बहुधा नंतर रंगवलेला असतो आणि आतलं मशीन दोन-तीन घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं असू शकतं. सरावाला असं घड्याळ चालेल, पण ते वेळेवर येईल याची खात्री कोणी देऊ नये.

पहिले दोन आठवडे: झाकणाला हात लावायचा नाही

एक वही घ्या. मोबाइलची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा आणि सेकंद स्पष्ट दिसतील असं एखादं घड्याळाचं ॲप उघडा. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. मोबाइलची वेळ तिच्याशी सेकंदाच्या आत जुळत असली तरी आपलं काम भागतं. रेडिओचे ठोके ॲपवर ऐकून वेळ लावू नका, इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद उशिरा पोचतो.

आता घड्याळ मोबाइलशी तंतोतंत लावायच्या भानगडीत पडू नका. सेकंदकाटा बारावर आला त्या क्षणी मोबाइलवर किती सेकंद आहेत ते बघा आणि फरक लिहा. घड्याळात आठ वाजले आणि मोबाइलवर ७:५९:४८ दिसत असेल तर घड्याळ १२ सेकंद पुढे, +१२. सेकंदकाटा न थांबणाऱ्या घड्याळांनाही ही रीत चालते, म्हणून मी सगळ्यांना हीच सांगतो. मोबाइल आणि घड्याळ शेजारी ठेवून एकच फोटो काढलात तर डोळ्यांची गडबडही टळते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहा. रोज त्याच वेळी, हे महत्त्वाचं. चावीचं घड्याळ असेल तर नोंद झाली की लगेच पूर्ण चावी द्या. कमान भरलेली असताना आणि उतरत आल्यावर घड्याळाचा वेग सारखा राहत नाही. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणारं, असेल तर सुरुवातीला ते पूर्ण भरून घ्या. एनएच३५ पूर्ण उतरलं असेल तर चावीला सुमारे ५५ फेरे लागतात. ७एस२६ नुसतं हातावर घालून फिरायचं.

समजा नोंदी अशा आल्या: सोमवारी +१२, मंगळवारी +२७, बुधवारी +४३, गुरुवारी +५७. म्हणजे रोजची वाढ १५, १६, १४. हे उत्तम घड्याळ आहे! पंधरा सेकंदांची चूक आहे, पण चूक एकसारखी आहे, आणि एकसारखी चूक काढता येते. याउलट रोजचा फरक एका दिवशी +१५, दुसऱ्या दिवशी −४, मग +२२, मग +३ असा उड्या मारत असेल, तर सरासरी कितीही सुंदर येवो, त्या घड्याळाला दांडी सरकवून काहीही होणार नाही. तेल, धूळ, घासलेली चाकं, थकलेली कमान यांपैकी काहीतरी आत आहे. या छंदात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही पारख: घड्याळ चुकतंय किती हे नंतर, आधी ते रोज तितकंच चुकतंय का?

रात्री घड्याळ कसं ठेवता?

मेकॅनिकल घड्याळ प्रत्येक स्थितीत वेगळ्या वेगाने चालतं. डायल आकाशाकडे असताना बॅलन्स व्हीलचा (इकडून तिकडे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाचा) आस एका टोकावर उभा राहून फिरतो, घर्षण कमी लागतं. घड्याळ उभं धरलं की आसाच्या दोन्ही टोकांच्या कडा ज्वेलवर घासतात, झोका लहान होतो, आणि वजनात बारीकशी असमानता असली तरी तिचा परिणाम दिसायला लागतो. स्वस्त मशीनमध्ये स्थितीस्थितीत वीस-तीस सेकंदांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. दांडीने हा फरक मिटत नाही. दांडी सगळ्या स्थिती एकत्रच पुढे किंवा मागे नेते.

म्हणून तुमचं घड्याळ दिवसभर कुठल्या स्थितीत असतं ते बघा. डाव्या मनगटावर घातलेलं असेल आणि हात खाली सोडलेला असेल तर चावी जमिनीकडे. कीबोर्डवर हात असताना डायल बऱ्यापैकी वर. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत हँडल धरून उभे असाल तर चावी वर. तासभराचा रोजचा प्रवास असा हात वर करून होत असेल तर तो हिशोबात येतो. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याचं घड्याळ आणि बँकेत टेबलाशी बसणाऱ्याचं घड्याळ एकाच मशीनचं असूनही वेगळ्या वेळा दाखवतात, त्याचं कारण हेच.

आता रात्रीचे प्रयोग. झोपताना फरक लिहा, सकाळी उठल्यावर पुन्हा लिहा. पहिल्या रात्री डायल वर, दुसऱ्या रात्री डायल खाली, तिसऱ्या रात्री चावी वर ठेवून उभं, चौथ्या रात्री चावी खाली. उभं ठेवायला घडी केलेला नॅपकिन पुरतो. आठ तासांत आलेल्या फरकाला तीनने गुणलं की दिवसाचा दर मिळाला.

उदाहरण घ्या. हातावर सोळा तासांत घड्याळ ८ सेकंद पुढे जातं. डायल वर ठेवलं की त्याचा दर दिवसाला +१४, चावी वर ठेवलं की −६. रात्री डायल वर ठेवलंत तर आठ तासांत आणखी ४.७ सेकंदांची भर, एकूण +१२.७. चावी वर ठेवलंत तर २ सेकंद परत, एकूण +६. झाकण न उघडता, एक रुपया खर्च न करता निम्मी चूक गेली. कितीतरी घड्याळांचं काम इथेच संपतं, आणि संपत असेल तर संपू द्यावं. वॉरंटीतलं घड्याळ असेल तर नक्कीच. उघडलं की वॉरंटी जाते.

एकदम मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर

काल नीट चालणारं घड्याळ आज अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त पुढे जायला लागलं, तर पहिला संशय मॅग्नेटवर घ्या. हेअरस्प्रिंग ही बॅलन्स व्हीलला झोके देणारी, केसाएवढ्या जाडीची गुंडाळी. तिचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटले किंवा खेचले गेले की काम करणारी लांबी कमी होते आणि घड्याळ धावत सुटतं. घरात चुंबकं जिकडेतिकडे आहेत: लॅपटॉपच्या झाकणात, टॅब्लेटच्या कव्हरमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये, पर्सच्या बटणात, फोनच्या मागे चिकटणाऱ्या चार्जरमध्ये. रात्री घड्याळ स्पीकरशेजारी ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा.

तपासायला सुई असलेलं साधं होकायंत्र घ्या आणि घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ न्या. सुई घड्याळामागे ओढली जात असेल तर चुंबकत्व आहे. चुंबकत्व घालवायचा छोटा निळा डबा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. त्यावर घड्याळ ठेवा, बटण दाबा, दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलत हातभर लांब न्या, आणि मग बटण सोडा. घड्याळ जवळ असताना बटण सोडलंत तर उलट जास्त चुंबकत्व बसू शकतं. दोनदा करा आणि एक दिवसाची नोंद घ्या. हे न करता दांडी सरकवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलणं.

टिकटिक ऐकणारं यंत्र

टाइमग्राफर नावाचं यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून तिथल्या तिथे दर सांगतं. चिनी बनावटीचं वेईशी १००० छंदिष्टांमध्ये लोकप्रिय आहे. काही हजार रुपये लागतात आणि वर्षाला एकच घड्याळ उघडणार असाल तर घेऊ नका. मोबाइलची ॲप्स आहेत. इअरफोनचा माइक घड्याळाच्या चावीला टेकवून, पंखा आणि एसी बंद करून, रात्री रहदारी कमी झाल्यावर वापरलीत तर दराचा बऱ्यापैकी अंदाज देतात. घोडबंदर रोडला खिडकी असलेल्या घरात दिवसा हा प्रयत्न करू नये.

यंत्रावर चार आकडे दिसतात. ठोक्यांची संख्या ते बहुधा स्वतः ओळखतं. दर म्हणजे दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स व्हील किती अंशांत झोका घेतं. बीट एरर म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधल्या अंतरांतला फरक, मिलीसेकंदांत. लिफ्ट अँगल, म्हणजे ॲम्प्लिट्यूड काढायला यंत्राला लागणारा त्या मशीनचा ठरलेला कोन, तुम्ही भरायचा: एनएच३५ आणि ७एस२६ साठी ५३, मियोटा ८२१५ साठी ४९. तो चुकला तर फक्त ॲम्प्लिट्यूड चुकीचं दिसतं, दरावर परिणाम होत नाही.

पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रेषा सरकत असतात. रेषा वर चढत असतील तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरत असतील तर मागे. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे बीट एरर. ठिपके सरळ रेषेत न येता विखुरलेले असतील, किंवा रेषा लाटेसारखी नियमित वरखाली होत असेल, तर घड्याळ आतून अस्वच्छ आहे किंवा एखाद्या चाकात दोष आहे. पूर्ण भरलेल्या कमानीवर, डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड साधारण २७० च्या आसपास असावं. ७एस२६ आणि एनएच३५ मध्ये ते थोडं कमी, २३०–२६० असलं तरी काळजी नको. २०० च्या खाली गेलं की रेग्युलेशनचा विचार सोडा आणि सर्व्हिसिंगचा करा. दर वाचताना स्थिती बदलल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, बॅलन्सला नव्या स्थितीत स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. टाइमग्राफरवर डायल वर ठेवून ‘शून्य’ आणायच्या नादी लागू नका. घड्याळ स्टँडवर राहत नाही, तुमच्या हातावर राहतं. वहीत हातावरचा दर +१५ आणि यंत्रावर डायल-वरचा दर +१९ असेल, आणि हातावरचा दर +५ हवा असेल, तर यंत्रावर +९ आणा. यंत्राचं काम सरकवलेली दांडी किती सरकली ते सांगण्याचं. लक्ष्य वही ठरवते.

आणि लक्ष्य शून्य नसावं. मी नेहमी दिवसाला +३ ते +८ च्या दरम्यान ठेवतो. पुढे जाणारं घड्याळ (सेकंदकाटा थांबणारं असेल तर) आठवड्यातून एकदा चावी ओढून तेवढे सेकंद थांबवलं की झालं, शिवाय त्याच्या भरवशावर निघालात तर लोकल चुकत नाही.

उघडताना

दिवस निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडू नका. नवी मुंबईत खाडीवरून येणारी दमट हवा मशीनमध्ये कोंडली जाते आणि पोलादी भागांवर गंज धरतो. मे महिन्यात कपाळावरचा घाम मशीनवर पडायची भीती. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ सगळ्यात चांगली. पंखा बंद, खिडक्या बंद, अर्ध्या तासापूर्वी टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं. इमारतीच्या शेजारी बांधकाम चालू असेल, आणि आपल्याकडे ते असतंच, तर त्या दिवशी राहू द्या.

सामान फार नाही. डोळ्याला लावायचं भिंग म्हणजे आय-ग्लास, रबरी फुंकणी (तोंडाने कधीही फुंकू नका, थुंकीचे कण जातात), बोटांना रबरी टोप्या, आणि दांडी सरकवायला पितळेची किंवा लाकडाची बारीक काडी. घड्याळवाले टोकदार केलेलं पेगवुड वापरतात. ब्लेडने घासून टोक केलेली टूथपिक चालते, फक्त तिचे तंतू सुटत नाहीत ना ते आय-ग्लासखाली बघून घ्या. पोलादी स्क्रूड्रायव्हर नको: त्यात चुंबकत्व असू शकतं आणि हात निसटला तर तो हेअरस्प्रिंगमध्येच जातो.

झाकण दोन प्रकारचं. आट्यांचं झाकण रबराच्या चिकट चेंडूने दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. बरीच सिको अशी निघतात. दाबून बसवलेलं झाकण असेल तर कडेला बारीक खाच सापडते, तिथे केस-नाइफचं (झाकण उघडायच्या सुरीचं) टोक देऊन हळूच पीळ द्या. दोन्ही वेळा पट्टा काढून ठेवा आणि केसच्या कडांना टेप लावा. झाकण निघालं की पाणी अडवणारं रबरी गॅस्केट कुठे बसलेलं होतं त्याचा फोटो काढा.

ऑटोमॅटिकमध्ये हात हलला की फिरून कमान भरणारा अर्धवर्तुळाकार रोटर समोर येतो. तो काडीने फिरवून बाजूला न्या, म्हणजे डोलणारं बॅलन्स व्हील उघडं पडेल.

दोन दांड्या

आता आय-ग्लास लावा आणि पहिली पाच मिनिटं काहीही करू नका, नुसतं बघा. बॅलन्स व्हील इकडून तिकडे जातंय, त्यावर निळसर-राखाडी हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी पसरते आणि आकसते. तिचा बाहेरचा वेढा शोधा. तो वळत वळत एका बारीक खुंटीपाशी संपतो, ही खुंटी म्हणजे स्टड. ज्या दांडीने स्टड धरलेला आहे ती बीट एररची दांडी. संपण्याआधी थोडं अलीकडे तोच वेढा दोन बारीक पिनांच्या किंवा एका फटीच्या मधून जातो. ज्या दांडीला त्या पिना आहेत तो रेग्युलेटर. एनएच३५ आणि ७एस२६ मध्ये या दोन्ही दांड्या बॅलन्सच्या ब्रिजवर (त्याला वरून धरणाऱ्या पट्टीवर) एकमेकींजवळ असतात आणि ब्रिजवर + आणि − च्या खुणा दिसतात. कोणती कोणाची हे आकारावरून ओळखू नका, वेढ्याचा माग काढत ओळखा. एकदा असं ओळखलंत की कुठल्याही कंपनीच्या मशीनमध्ये अडणार नाही.

पिना जिथे वेढ्याला धरतात तिथपासून आतली स्प्रिंग काम करते. रेग्युलेटर + कडे नेला की पिना स्टडपासून लांब जातात, काम करणारी स्प्रिंग आखूड होते, ठोके झपाझप पडतात. − कडे नेला की ती लांबते आणि घड्याळ मंदावतं. काही जुन्या स्विस मशीनवर + आणि − च्या जागी ए आणि आर ही फ्रेंच अक्षरं असतात: ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे.

दांड्यांच्या जागेचा जवळून फोटो काढा. काहीही बिनसलं तर याच फोटोवर परत यायचं.

आधी बीट एरर बघा, कारण स्टडची दांडी हलवली की दरही बदलतो. ०.५ मिलीसेकंदांच्या आत असेल तर हात लावू नका. स्वस्त मशीनमध्ये १ पर्यंतही मी सोडून देतो. घड्याळ नीट चालत असेल तर त्या आकड्यासाठी धोका पत्करण्यात अर्थ नाही. त्याहून जास्त असेल तर स्टडची दांडी अगदी किंचित एका बाजूला न्या आणि आकडा बघा. वाढला तर उलट बाजूला. काही जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये स्टड जागच्या जागी पक्का असतो आणि बीट एररसाठी बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगची मधली कडी फिरवावी लागते. तिथे थांबा, ते घड्याळवाल्याचं काम.

आता रेग्युलेटर. काडीचं टोक दांडीच्या बाजूला टेकवा. वरून दाबू नका, खाली बॅलन्स आहे. दोन्ही कोपर टेबलावर टेकलेले, श्वास सोडून झालेला. बोटाने ढकलण्यापेक्षा मनगटाने नुसता भार द्या. दांडी हललेली तुम्हाला डोळ्यांनी दिसली तर बहुतेक वेळा ती जास्तच हललेली असते: दहा-पंधरा सेकंदांचा फरक पाडायला लागणारी हालचाल आय-ग्लासखालीही जेमतेम जाणवते. त्यामुळे आधी भार द्या, मग यंत्राकडे बघा. लक्ष्य ओलांडलं गेलं तर उलट बाजूने तसंच. ही ये-जा होतेच, त्यात घाई नको.

टाइमग्राफर नसेल तर एकदा अगदी किंचित हलवा, झाकण तात्पुरतं लावा आणि चोवीस तासांची नोंद घ्या. पहिल्या हालचालीने किती फरक पडला ते कळलं की दुसऱ्या हालचालीचा अंदाज येतो. वेळ लागतो, पण आपल्या जुन्या घड्याळवाल्यांनी वर्षानुवर्षं असंच केलं आहे.

दर हवा तिथे आला की चावी खाली आणि चावी वर या दोन स्थितींतही बघून घ्या. डायल वर +९ असेल आणि चावी वर −२५ येत असेल तर हातावर मनासारखा निकाल मिळणार नाही. फरकाचं मूळ मशीनमध्ये आहे, ते दांडीने जाणार नाही. लगेच सगळं पुन्हा हलवू नका, आठवडाभर घालून वही काय सांगते ते बघा.

दांडी सरकवल्यानंतर घड्याळ अचानक मिनिटांनी पळायला लागलं तर स्प्रिंगचा वेढा पिनांमधून निसटला असण्याची किंवा वेढे एकमेकांत अडकले असण्याची शक्यता मोठी. त्याला घरी सोडवायला जाऊ नका. झाकण लावा आणि दुरुस्तीला द्या. वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं हे निराळं कसब आहे.

बंद करताना

फुंकणीने एकदा धूळ झटका, आय-ग्लासखाली तंतू शोधा. गॅस्केटला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि ते खोबणीत नीट बसलंय ना ते बोट फिरवून बघा. कुठे मुरड राहिली तर पाणी तिथूनच शिरतं. गॅस्केट कडक झालं असेल तर त्याच मापाचं नवं घाला. यानंतर डायलवर पन्नास मीटर लिहिलेलं असो की शंभर, प्रेशर टेस्ट करून घेईपर्यंत ते घड्याळ पावसात आणि पोहायला घालू नका.

पुढचे दोन आठवडे पुन्हा वही. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. आठवड्याची सरासरी धरा आणि ती +३ ते +८ च्या आत बसली की झाकण परत उघडायचं नाही, मग एखाद्या दिवशी +११ दिसला तरी. आणखी एका सेकंदासाठी पुन्हा उघडण्यात धूळ जाण्याचा धोका जास्त आणि फायदा नगण्य.

घड्याळवाल्याकडे जाताना

ठाणे स्टेशनच्या आसपास, नौपाड्यात, जांभळी नाक्याकडे अजून काही जुने हात टिकून आहेत. चांगला माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. त्याच्याकडे जाताना ‘घड्याळ पुढे जातं’ एवढंच सांगू नका, नोंदींचं पान दाखवा: रोजचा दर, डायल वरचा, चावी खालचा, ॲम्प्लिट्यूड माहीत असेल तर तेही. स्थितींमधला फरक बघून तो निम्मं निदान घड्याळ न उघडताच करतो. तुम्ही स्वतः दांडीला हात लावलेला असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्याचा वेळ वाचतो.

नियमित वापरातल्या घड्याळाला साधारण पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. ते होऊन आलं की वहीत नवं पान सुरू करा. सफाई आणि नव्या तेलाने ॲम्प्लिट्यूड वाढतं, दर बदलतो, आणि आधीच्या नोंदींवरून ठरवलेलं काहीच त्या घड्याळाला लागू पडत नाही: रात्री ठेवायची स्थितीसुद्धा पहिल्यापासून तपासून घ्यावी लागते.